ओळख पटण्याआधी रोप उपटू नका

परसात न लावता उगवलेली रोपे कोणती हे कसे ओळखावे आणि ती सरसकट उपटावीत का, असे तुम्ही विचारले आहे. सरसकट मुळीच उपटू नयेत, असे माझे ठाम मत आहे, आणि आमच्या घरात यावरून झालेला वाद अजून मिटलेला नाही.

साताऱ्याला आमच्या परसात कढीपत्त्याच्या बुंध्याशी एक रोप उगवले. त्याची पाने समोरासमोर, लंबगोल, वरून तकतकीत आणि खालून फिकट होती. मला ते चंदन वाटले, कारण शेजारच्या आवारात चंदनाचे झाड आहे, त्याची जांभळट काळी फळे खायला बुलबुल आणि कोकिळा येतात आणि त्यांच्या विष्ठेतून बी कुठेही पडते. माझ्या थोरल्या दिरांनी, म्हणजे दादांनी, एक पान चुरगाळून हुंगले, कोवळी फांदी मोडून हुंगली आणि वास नाही म्हणजे रानटी झुडूप आहे, आजच काढून टाका, असा निकाल दिला. दादांनी शेतीत आयुष्य घालवले आहे, त्यामुळे घरात त्यांचा शब्द चालतो. परंतु चंदनाच्या पानाला किंवा कोवळ्या लाकडाला सुगंध नसतोच. तो असतो गाभ्यात आणि मुळांत, आणि गाभा धरायला बरीच वर्षे जावी लागतात. मी ते रोप काढू दिले नाही.

कढीपत्ता पिवळा पडू लागला, तेव्हा दादांना आयतेच कारण मिळाले. मी माती हलक्या हाताने उकरून पाहिली, तर नव्या रोपाच्या मुळांवरच्या बारीक चकत्या कढीपत्त्याच्या मुळांना घट्ट चिकटलेल्या होत्या. चंदन अर्धपरजीवी आहे: अन्न पानांत स्वतः तयार करते, पण पाणी आणि क्षार शेजाऱ्याच्या मुळांतून ओढते, आणि म्हणूनच रोपवाटिकेत त्याच्यासोबत तूर लावतात. म्हणजे दादांची तक्रार खरी होती, पण तीच चंदनाची मोठी खूण होती. पुढे फुले आली, तीही बारीक, चार पाकळ्यांसारखी दिसणारी, उमलताना पिवळसर आणि नंतर तपकिरी लाल, एकाच घोसात दोन्ही रंगांची. दादा मात्र अजूनही त्याला झुडूपच म्हणतात.

तेव्हा पहिल्या दोन पानांवरून निर्णय करू नका; खरी पाने येऊ द्या आणि ती समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे पाहा. जागाही बरेच सांगते: तारेखाली किंवा कठड्याशी उगवलेले रोप बहुधा पक्ष्यांनी आणलेले असते, तर स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या खतातून टोमॅटो, मिरची, पपई किंवा भोपळा येतो. टोमॅटोचे पान चुरगाळले की वासावरूनच कळते. घोळ समजून भाजीसाठी काही खुडणार असाल, तर देठ मोडून पाहा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे. घोळीचा देठ मांसल, गुळगुळीत आणि लालसर असतो.

गाजरगवत याला अपवाद आहे. कोवळेपणी त्याची कातरलेली पाने शेवंतीसारखी भासतात, पण ते त्वचेला आणि श्वासाला त्रास देते, म्हणून हातमोजे घालून फुलोऱ्याआधीच उपटावे. भिंतीच्या फटीतला पिंपळही लहान असतानाच काढावा. आपोआप आलेल्या वेलाचा दुधी कडू लागला तर तो शिजवूनही खाऊ नये, कारण त्याने गंभीर विषबाधा होते.

आणि रोप चंदनाचे निघाले, तर ते तोडण्यासाठी महाराष्ट्रात परवानगी लागते, शिवाय चंदनाची झाडे आवारातून चोरीला जातात, हे लक्षात ठेवा. घरातल्या कोणी जाणत्याने हुंगून निकाल दिला, तर निदान फुले येईपर्यंत थांबा असे त्यांना स्पष्ट सांगा. वयाचा मान राखूनही हे सांगता येते, मी सांगितले होते.