उरलेल्या उकडलेल्या पास्त्याचं काय करायचं: वरण, तर्री आणि बेसन

अगं, चीज नाहीतर सॉसची बाटली आणायला खाली उतरू नकोस. घरात तूर डाळ, बेसन, कांदे आणि लसूण असेलच. तेवढ्यावर भागतं.

तू लिहिलंयस की रविवारी अर्ध्या किलोचं अख्खं पाकीट उकडलं, तिघी जेवूनही मोठा डबाभर साधा पास्ता फ्रिजमध्ये आहे, वाटीभर व्हाइट सॉसमधलाही उरलाय, ओव्हन नाही, महिनाअखेर आहे आणि टाकवत नाही. टाकवत नाही हे वाचून बरं वाटलं. पण उरलेलं संपवायला म्हणून पास्त्याच्याच किमतीचं नवं सामान आणलं तर वाचवलं काय? पास्ता म्हणजे गव्हाचा रवा, तोही शिजलेला. शिळ्या पोळीला आणि शिळ्या भाताला आपल्या घरात जे जे करतात, ते बहुतेक सगळं त्याला चालतं.

आधी एक बघ. उकडल्यावर तो डबा फ्रिजमध्ये कधी गेला? दोन तासांच्या आत गेला असेल तर ठीक. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये मात्र तासाभरातच आत जायला हवा, स्वयंपाकघर संध्याकाळीसुद्धा तापलेलंच असतं. शिजलेल्या भातात-पास्त्यात बॅसिलस सिरिअस नावाचे जंतू वाढतात आणि त्यांचं एक विष पुन्हा उकळूनही जात नाही. ब्रुसेल्सला २००८ साली पाच दिवस बाहेर राहिलेली स्पॅगेटी गरम करून खाल्ल्यावर २० वर्षांचा एक विद्यार्थी दगावला होता. तेव्हा रात्रभर ओट्यावर राहिलेला असेल तर वास न घेता, चव न बघता सरळ टाक, तिथे हळहळायचं नाही. वेळेत फ्रिजमध्ये गेलेला साधा पास्ता तीन-चार दिवस चांगला राहतो. व्हाइट सॉसचा मात्र आजच संपव.

सगळ्यात झटपट म्हणजे तर्री. सकाळी कोपऱ्यावरून तर्रीपोहे आणशील तेव्हा तर्री थोडी जास्त बांधून घे. पास्त्यावर उकळतं पाणी ओतून अर्धा मिनिट ठेव, निथळ, वर कडकडीत तर्री चण्यांसकट, बारीक कांदा, शेव, लिंबू. ऑफिसला निघायच्या घाईत पाच मिनिटांत पोटभर होतं. रविवारचा सावजी रस्सा उरला असेल तर तोही असाच घे, फक्त त्याला तेलाचा तवंग असतो, म्हणून पास्त्याला वेगळं तेल लावू नकोस.

पण माझं खरं सांगणं वरणाचं आहे. आपल्याकडे चकोल्या करतात ना, वरणात कणकेचे तुकडे सोडून, तसाच हा पास्ता वरणात जातो आणि फार छान लागतो. तिघींना दोन मोठ्या वाट्या पास्ता पुरे. वाटीभर शिजलेली तूर डाळ चांगली घोटून घे आणि अडीच-तीन वाट्या पाणी घाल. हे वरण तुला पातळ वाटेल, वाटू दे. गंजात (पातेल्यात) तेल तापवून मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, सात-आठ ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या टाक. लसूण कडांनी तांबूस झाला की गॅस बारीक करून हळद आणि तिखट घाल (भिवापुरी मिरचीचं मिळालं तर उत्तम) आणि लगेच वरण ओत, तिखट जळलं तर सगळं कडू होतं. थोडी चिंच, चिमूटभर गूळ, असेल तर अर्धा चमचा काळा मसाला. मीठ जपून, कारण पास्ता मिठाच्या पाण्यात उकडलेला आहे.

आता वरण पाच-सात मिनिटं खळखळ उकळू दे आणि पास्ता अगदी शेवटी टाक. चकोल्या कच्च्या असतात म्हणून वरणात शिजवतात, हा आधीच शिजलाय. तीन-चार मिनिटांच्या वर ठेवलास तर त्याचा लगदा होतो. गॅस बंद केल्यावरही तो रस ओढत राहतो, दहा मिनिटांत वरण आपोआप दाटतं, पातळ ठेवायला सांगितलं ते यासाठी. शंखाच्या नाहीतर नळीच्या आकाराचा असेल तर वरण आत शिरतं, चावल्यावर तोंडात येतं. स्पॅगेटी असेल तर बोटभर लांबीची कापून घे. ताटात वाढल्यावर गोळाभातावर घालतो तशी लसणाची कडक फोडणी वरून, आणि भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर. सोबत कच्चा कांदा. दुसरं काही लागत नाही.

फोडणीचा पास्ता तर तुला सुचलाच असेल, कांदेपोह्यांसारखा. त्यात एवढंच सांगते की फ्रिजमधला गार पास्ता तसाच घे, आधी गरम करू नकोस. गार झाल्यावर त्यातला स्टार्च घट्ट होतो, म्हणून शिळ्या भातासारखा तो सुटा राहतो. कांदा, फल्लीदाणे, हिरवी मिरची, हळद झाली की पास्ता कढईत पसरवून दोन मिनिटं हात न लावता राहू दे. तळाचे तुकडे खरपूस होतात, तिथेच चव आहे. सारखं ढवळत बसलं की नुसता तेलकट होतो.

बेसनाचं धिरडं डब्याला चांगलं. वाटीभर पास्ता सुरीने बारीक चिर, मिक्सरमध्ये घालू नकोस, चिकट होतो. अर्धी वाटी बेसन, दोन चमचे रवा किंवा तांदळाचं पीठ, कांदा, मिरची, ओवा, सांबार, आणि भज्यांच्या पिठापेक्षा थोडं दाट होईल इतकंच पाणी. जाड थाप, झाकण ठेव, मध्यम गॅसवर खालची बाजू नीट सुटली की उलटव. अंडी खात असाल तर बेसनाऐवजी तीन अंडी फेटून घे. नेपल्समध्ये उरलेल्या पास्त्याचं असंच जाडजूड ऑम्लेट करतात, फ्रिताता दी माकेरोनी म्हणतात त्याला, आणि गार झाल्यावर तुकडे करून सहलीला नेतात. म्हणजे डब्यात गार खायलाही हरकत नाही. उलटवताना तव्यावर ताट पालथं धरून सगळंच पालथं कर आणि ताटातून परत तव्यावर सरकव, तुटत नाही.

दुपारी ऊन फार असेल तर दही. गोड दही, किसलेली काकडी, थोडी कैरी, मीठ, वरून जिरं-हिरव्या मिरचीची फोडणी. दही शेवटच्या क्षणी कालव, नाहीतर पास्ता ते पिऊन टाकतो.

व्हाइट सॉसचा वाटीभर आहे त्यात दोन चमचे दूध घालून मंद गॅसवर हलवून सैल कर, मिरपूड घाल, आणि ब्रेडच्या दोन कापांत भरून तव्यावर दाबून भाज. झाला तिघींचा चहासोबतचा खाऊ.

खीर करू नकोस, हा पास्ता खारा आहे आणि दूध-साखर दोन्ही वाया जाईल. पास्ता तळून कुरकुरे करायचे व्हिडिओ दिसतात, त्याच्याही वाटेला जाऊ नकोस. ओला पास्ता तेलात फुटून अंगावर उडतो, आणि पोळीएवढ्या गोष्टीसाठी कढईभर तेल लागतं ते वेगळंच.

एवढं करूनही दोन-तीन दिवसांत संपणार नाही असं वाटलं तर आजच अर्धा बाजूला काढ. चमचाभर तेल चोळून एकावेळच्या मापाने पिशव्यांत भर, पिशवी चपटी कर आणि फ्रीझरमध्ये ठेव. महिनाभर सहज टिकतो. वापरायच्या वेळी बाहेर काढून वितळवत बसायचं नाही, पिशवीतून मोकळा करून सरळ उकळत्या वरणात टाकायचा. आणि पुढच्या वेळी उकडताना माणशी ८० ते १०० ग्रॅम कोरडा पास्ता घे. अर्ध्या किलोचं पाकीट शिजून किलोच्या वर जातं, तिघींना पाव किलो आणि वर एक मूठ बास.