मनात राग असताना प्रभुभोजन घ्यावं का?

वरिष्ठ छळतात. तक्रार करावी तर देवाने नेमलेल्या अधिकाराविरुद्ध गेल्यासारखं वाटतं. गप्प बसावं तर आतून संताप उसळतो आणि प्रार्थनाच होत नाही. मंडळीतून, म्हणजे आमच्या चर्चमधून, समुपदेशनाला येणाऱ्यांकडून मी हे वारंवार ऐकते. त्यांतल्या एका बहिणीचा अनुभव तिच्या परवानगीने, ओळखीचे तपशील बदलून सांगते.

ती एका दवाखान्यात स्टाफ नर्स. मेट्रन तिच्याच मंडळीतल्या, वयाने मोठ्या. हिला सलग नाइट ड्यूटी लावायच्या, रजेचा अर्ज पडून राहू द्यायच्या, पेशंटच्या नातेवाइकांसमोर 'तुला नर्स कुणी केलं?' म्हणायच्या. रविवारी भक्तीला पुढच्या बाकावर पुन्हा मेट्रनच. हिने प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, घेणंच सोडलं होतं. "एवढा द्वेष मनात ठेवून भाकरीला हात कसा लावू?" म्हणाली आणि रडली. घरी सासूबाईंनी बायबलमधलं प्रेषित पेत्राचं पहिलं पत्र उघडून दाखवलं होतं: चाकरांनी कठोर धन्याच्याही अधीन असावं. त्यावर बोलायला जागाच उरली नव्हती.

पेत्राने ते कुणाला लिहिलं, हे आपण विसरतो. रोमी साम्राज्यातल्या घरगुती दासांना ना राजीनामा देता येत होता, ना दाद मागता. दुसरी वाटच नसलेल्यांना दिलेला तो धीर आहे. प्रेषित पौलाला वाट होती, आणि त्याने ती धरली. फिलिप्पै इथे चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकल्यावर अधिकारी त्याला गुपचूप सोडायला निघाले, तेव्हा तो हलला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं, म्हणाला. पुढे त्याने कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडेही दाद मागितली. खुद्द प्रभू येशूनेसुद्धा चौकशीत चपराक बसल्यावर 'मला का मारतोस?' असं विचारलंच.

तिला खरा आधार मिळाला तो दाविदाचा. बायबलमधल्या १ शमुवेल या पुस्तकाचा २४वा अध्याय आम्ही दोघींनी सावकाश वाचला. दाविदाच्या जिवावर उठलेला राजा शौल एन-गेदीच्या गुहेत आयता त्याच्या हाती आला. दाविदाने त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापला, आणि तेवढ्यानेही त्याचं मन त्याला खाऊ लागलं. मग बाहेर येऊन, राजाला लवून नमन करून, तो तुकडा दाखवत त्याने मोठ्याने जाब विचारला. शौल रडला, घरी गेला. दावीद मात्र गडावर गेला.

"म्हणजे तो राजवाड्यात परत गेलाच नाही?" तिने विचारलं. नाही गेला. ज्या शौलाने पूर्वी त्याच्यावर भाला फेकला होता त्याचा जीव त्याने राखला, पण त्याच्या टप्प्यात जाऊन बसला नाही. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

झग्याच्या काठाच्या त्या गोष्टीवर ती बराच वेळ थांबली. मग आपणहून म्हणाली, नर्सेस रूममध्ये मी मेट्रनच्या घरच्या गोष्टी चघळते. ते तिने बंद करायचं ठरवलं. मी एक वही करायला सांगितली: तारीख, पाळी, काय बोललं गेलं, कोण हजर होतं. मेमोला उत्तर लेखी, दोन ओळींत, विशेषणांशिवाय. आणि रात्री बायबलमधलं १३वं स्तोत्र मोठ्याने वाचायचं, कारण 'किती काळ?' हे देवालाच विचारायची मुभा त्यात आहे. राग त्याच्यापासून लपवायचा नाही. झोप उडाली होती म्हणून डॉक्टरांकडेही पाठवलं. प्रार्थना करणाऱ्यांनी औषध घेऊ नये, असं मी कधीच मानत नाही.

वहीच्या आधारे तिने व्यवस्थापनाला अर्ज दिला. नाइट ड्यूटी आता सगळ्यांना आळीपाळीने लागते. मेट्रननी माफी मागितलेली नाही, बोलणंही जेवढ्यास तेवढं. अर्जाचा निकाल लागण्याआधीच, पाळकसाहेबांशी बोलून, ती प्रभुभोजनाला पुन्हा बसू लागली होती. मेट्रनसाठी प्रार्थना करताना अजून नावापुढे शब्द सुचत नाहीत, म्हणते. नाव घेतेस तेवढं पुरे, असं मी तिला सांगितलं आहे.

आता तिने दुसऱ्या दवाखान्यात मुलाखत दिली आहे. इथून निघणं म्हणजे पळ काढणं का, हा तिचा प्रश्न पुढच्या भेटीत घ्यायचा आहे.