रोज कोल्हापुरात आणि जानेवारीत मनालीला: फ्रंट व्हील ड्राइव्ह की रिअर व्हील ड्राइव्ह?

घर राजारामपुरीत, नोकरी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत, अधूनमधून गगनबावड्यावरून कोकणातल्या गावी जाणे आणि येत्या जानेवारीत कुटुंबासह मनाली, एवढ्या वापरासाठी इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देणारी गाडी घ्यावी की मागच्या, असे आपण विचारले आहे. माझे मत फ्रंट व्हील ड्राइव्हच्या बाजूने आहे. गाडीत कायम सात माणसे आणि टपावर सामान असणार असेल, तर मात्र मी ते बदलेन.

सारा फरक वजनाचा आहे. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढे असल्यामुळे रिकाम्या गाडीचे साधारण ६० टक्के वजन गाडी ओढणाऱ्या चाकांवरच पडते, आणि ओल्या रस्त्यावर ती सहसा जागेवर फिरत नाहीत. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, नसल्याने आत जागा मिळते आणि इंधनही थोडे वाचते. ॲम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी मागच्या चाकांवर चालत. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढे छोट्या गाड्यांत फ्रंट व्हील ड्राइव्हच रूढ झाली. बोलेरो, स्कॉर्पिओ किंवा इनोव्हा क्रिस्टामध्ये जुनी रचना टिकली, ती केवळ सवयीने नव्हे.

चढावर गाडीचा भार मागे सरकतो. करूळ घाटात भर पावसात, मागे तीन माणसे आणि डिकी भरलेली असताना, एखाद्या ट्रकमागे थांबून पुन्हा निघायची वेळ आली की फ्रंट व्हील ड्राइव्हची पुढची चाके हलकी पडून घसरतात आणि क्लचचा वास येऊ लागतो. तेवढाच भार रिअर व्हील ड्राइव्हच्या उपयोगी पडतो. उलट, रिकामी पिकअप त्याच रस्त्यावर मागून हलकी असते आणि वळणावर ॲक्सिलरेटर जास्त दाबला तर तिची मागची बाजू बाहेर फेकली जाते; तेव्हा ॲक्सिलरेटर हळूच कमी करून, मागची बाजू ज्या दिशेला सरकते आहे त्याच दिशेला स्टीअरिंग वळवावे लागते, आणि घाबरलेल्या माणसाला हे सुचणे कठीण. फ्रंट व्हील ड्राइव्ह अशा वेळी स्टीअरिंग वळवूनही सरळ जाऊ पाहते, पण वेग उतरवला की बहुधा पुन्हा ताब्यात येते.

आपल्याकडे खरा निसरडा हिवाळा उसाच्या हंगामात असतो. ट्रॉल्यांच्या चाकांनी शेतातला चिखल डांबरावर येतो, पहाटेच्या दवाने तो ओला होतो आणि पंचगंगेकाठी धुके असते. अशा रस्त्यावर एकट्या माणसाच्या गाडीला फ्रंट व्हील ड्राइव्हच बरी.

मनालीच्या बर्फात फ्रंट व्हील ड्राइव्ह सपाटीवरून सहज निघेल, पण थांबताना तिचा काहीच फायदा नाही, कारण ब्रेक दोन्ही प्रकारांत चारही चाकांना लागतात. तापमान साधारण ७ अंशांखाली गेले की आपल्या नेहमीच्या टायरचे रबर कडक होऊ लागते, म्हणून बर्फात टायरला अधिक महत्त्व आहे. बर्फात पकड मिळावी म्हणून टायरवर चढवायच्या साखळ्या नेहमी इंजिनाची ताकद मिळणाऱ्या चाकांना लावायच्या, म्हणजे आपल्या गाडीला पुढे. बर्फ पडल्यावर सोलंगच्या पुढे बरेचदा फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या) किंवा साखळ्या लावलेल्या गाड्याच सोडतात. रिअर व्हील ड्राइव्ह नेलीत, तर बर्फाळ उतारावर गिअर झटक्यात खाली आणू नका. इंजिनाचा रोध फक्त मागच्या चाकांवर येऊन गाडी आडवी होऊ शकते.

देखभालीत फारसा फरक नाही. उद्यमनगरात आमच्याकडे फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्या बहुधा ड्राइव्ह शाफ्टचे (पुढच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या दांड्यांचे) रबरी बूट, म्हणजे सांध्यांवरची आवरणे, फाटून येतात. पूर्ण वळणावर कट्कट् आवाज आला की तेच आधी पाहावे. पुढचे टायरही लवकर झिजतात, तेव्हा अदलाबदल वेळेवर करावी. रिअर व्हील ड्राइव्हमध्ये प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (त्याचे सांधे) आणि डिफरन्शिअलचे, म्हणजे मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचे, तेल सांभाळावे लागते.

पैसे भरण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांना बसवून पन्हाळ्याच्या चढावर गाडी एकदा पूर्ण थांबवा आणि तिथून पुन्हा काढून पाहा. शोरूमच्या सपाट रस्त्यावरच्या फेरीत हा फरक कळत नाही.