देवाची प्रीती दाखवायची आहे? आधी भाजीचं पाणी फेकायला शिका

तुम्ही विचारलंय की माया आणि दयाळूपणा यांतून देवाची प्रीती दाखवायची म्हणजे ख्रिस्ती माणसाने रोजच्या जगण्यात नेमकं करायचं काय, आणि स्वभावच बुजरा असेल, चारचौघांत प्रेम व्यक्त करता येत नसेल तर जमवायचं कसं. करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय तुम्ही वाचलेला असणार, निदान लग्नांत तरी ऐकलेला असणारच. तो इथे परत सांगत बसत नाही. मी डायलिसिस विभागात नर्स आहे आणि आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आजाऱ्यांच्या भेटींचं काम पाहते. त्यामुळे मला या प्रश्नाची एकच बाजू दिसते, पण ती रोज दिसते. समोरच्याला काय हवंय आणि काय चालत नाही हे न विचारता केलेली माया त्याच्या जिवावर बेतू शकते. हे अलंकारिक अर्थाने म्हणत नाहीये.

आमच्याच मंडळीतलं एक घर. घरचे भाऊ पन्नाशी ओलांडलेले, मधुमेहाने दोन्ही किडन्या गेलेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस, दर वेळी चार तास. एका रविवारी उपासना संपल्यावर मंडळीने त्यांच्याकडे भेटीला जायचं ठरवलं. डझनभर माणसं गेली. कुणी शहाळी घेतली, कुणी केळी, कुणी मोसंबीचा रस, एका बाईंनी तर प्रेमाने पालक घालून डाळ करून नेली. वहिनींनी सगळ्यांना चहा टाकला. "घ्या हो भाऊ, प्रभूच्या नावाने घ्या, ताकद येईल," म्हणत शहाळं फोडून हातात दिलं गेलं. भाऊ भिडस्त, नाही कसं म्हणणार? गाणं झालं, लांबलचक प्रार्थना झाली, मग दुसरं शहाळं झालं. रात्री त्यांना आडवं पडून श्वास घेता येईना, पायांतलं बळ गेलं, आणि पहाटे तातडीने डायलिसिसला घ्यावं लागलं.

शहाळं, केळं, मोसंबी, पालक या सगळ्यांत पोटॅशियम भरपूर असतं. धडधाकट किडनी ते लघवीवाटे काढून टाकते. किडनी बंद असेल तर ते रक्तात साठत जातं, स्नायू ढिले पडतात, हृदयाचे ठोके बिघडतात, आणि हृदय बंदही पडू शकतं, कधीकधी आधी काहीच न जाणवता. पाण्याचंही तसंच. लघवी होत नसेल तर प्यालेला घोट अंगातच राहतो, आधी पायांवर सूज येते, मग फुफ्फुसांत पाणी भरतं. म्हणून अशा पेशंटला साधारणपणे आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली तेवढं आणि वर अर्धा लिटर, इतकीच दिवसाची मुभा असते. त्यात चहा, ताक, आमटी, गोळीबरोबरचं पाणी सगळं मोजायचं. शिवाय शुक्रवार ते सोमवार हे त्यांच्या आठवड्यातलं सगळ्यात मोठं अंतर. रविवार संध्याकाळी अंगात पाणी आणि पोटॅशियम सगळ्यात जास्त साठलेलं असतं, आणि आपल्या सगळ्या भेटी नेमक्या रविवारी.

पुढच्या उपासनेत साक्ष झाली, मंडळीच्या प्रार्थनेमुळे भाऊ मरणाच्या दारातून परत आले. परत आले याबद्दल मीही देवाचे आभार मानले. शहाळ्यांचा उल्लेख मात्र कुणी केला नाही.

त्यानंतर मी सुचवलं की भेटींचं वेळापत्रक करू, डबे आणि ने-आण वाटून घेऊ. मंडळीतले एक ज्येष्ठ वडील म्हणाले, "सिस्टर, हे समाजकार्य झालं. त्याला हॉस्पिटलवाले आहेत. आपलं काम वचन आणि प्रार्थना. मार्थेसारखी धावाधाव कशाला?" बैठकीत वाद नको म्हणून विषय तिथेच सोडून दिला गेला. इथे सोडत नाही.

मार्था येशूच्या पाहुणचाराच्या धावपळीत असते, बहीण मरीया त्याचं ऐकत बसते, आणि येशू मरीयेची बाजू घेतो, ती गोष्ट लूकच्या दहाव्या अध्यायात शेवटी येते. तिच्या अगदी आधी, त्याच अध्यायात, चांगल्या शोमरोन्याचा दाखला आहे, वाटेत लुटून जखमी टाकलेल्या माणसाला मदत करणाऱ्या परक्याचा. तो एकदा नर्सच्या नजरेने वाचा. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली, दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दीनार म्हणजे दोन दिवसांची मजुरी दिली, आणि वर जास्त खर्च झाला तर परत येताना देतो असं कबूल केलं. पूर्ण दाखल्यात तो जखमी माणसाशी एक अक्षर बोलत नाही. त्याच्या तोंडी एकच वाक्य आहे, उतारशाळेच्या मालकाला उद्देशून, आणि तेही खर्चाबद्दल. आणि मार्थेला तुच्छ लेखणाऱ्यांनी योहानाचा अकरावा अध्यायही उघडावा. "तू देवाचा पुत्र ख्रिस्त आहेस" ही विश्वासाची कबुली तिथे मार्थाच देते. पुढच्याच अध्यायात ती पुन्हा वाढायलाही उभी आहे.

प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय माझ्यावर नेहमी उलटवला जातो. वचन सोडून पंगती वाढणं आम्हांला शोभत नाही असं प्रेषित म्हणाले, हे खरं. पण त्याआधी काय झालं होतं? रोजच्या वाटपात काही विधवांना डावललं जात होतं. प्रेषितांनी ते काम बंद केलं नाही. त्यासाठी आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण असे सात जण शिष्यांकडून निवडून घेतले, प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले, आणि त्यात पुढे हुतात्मा झालेला स्तेफन होता. म्हणजे डबे नीट वाटायला पवित्र आत्म्याने भरलेली माणसं लागतात, असा तो अध्याय आहे. आपल्याकडचंच पाहायचं तर पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली-बायका केडगावला आणल्या, त्यांना जेवू घातलं, विणकाम आणि छपाई शिकवली. त्याच रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं. वचन की काम, असा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नाही.

असो. आता तुमच्या उपयोगाचं.

अशा घरी काही न्यायचंच असेल तर आधी फोन करून काय चालतं ते विचारा, तेही घरात स्वयंपाक करणाऱ्या माणसाला. पेशंट भिडेने "काहीही चालेल" म्हणतो. बटाटा, गाजर, पालेभाजी न्यायची तर साल काढून बारीक चिरा, भरपूर कोमट पाण्यात किमान दोन तास भिजत ठेवा, ते पाणी फेका. मग पुन्हा भरपूर ताज्या पाण्यात उकळा, तेही पाणी फेका, आणि मग फोडणी द्या. इथे हमखास चूक होते ती ही की उकळलेलं पाणी "सत्त्व जाईल" म्हणून आमटीत घालतात. ते सत्त्वच तर काढायचं असतं. एवढं करूनही पोटॅशियम पूर्ण जात नाही, म्हणून भाजी एक वाटीच. मीठ कमी घाला, पण बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठ वापरू नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. स्टारफ्रूट म्हणजे कमरख घरातसुद्धा नेऊ नका, किडनीच्या पेशंटला ते थेट मेंदूपर्यंत बाधतं. दुसरी समजूत अशी की आजाऱ्याला हलकं म्हणून पेज न्यायची. डायलिसिसमध्ये प्रथिनं वाहून जातात, त्यामुळे त्यांना उलट जास्त लागतात. उकडलेल्या अंड्यांचा पांढरा भाग बहुतेकांना चालतो आणि पोटालाही बसतो. फळ हवंच असेल तर सफरचंदाच्या दोन फोडी.

ने-आणीला सगळे सकाळच्या फेरीला नाव देतात. सकाळी पेशंट बरा असतो, गप्पा मारतो, नेणाऱ्यालाही बरं वाटतं. खरी गरज परतीच्या वेळी. चार तासांत अंगातून दोन-तीन लिटर पाणी काढलेलं असतं, ब्लडप्रेशर उतरलेलं असतं, पायांत गोळे येतात, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यांना खुर्चीवर पाच-दहा मिनिटं बसवा, मग उभं करा, हळू चाला, वाटेत बोलायला लावू नका.

ज्या हातावर फिस्टुला आहे, म्हणजे सुया टोचण्यासाठी शीर धमनीला जोडलेली असते आणि बोट ठेवलं की थरथर लागते, तो हात दाबायचा नाही. त्यावर पिशवी अडकवायची नाही, घट्ट घड्याळ नाही, ब्लडप्रेशरचा पट्टा नाही. प्रार्थनेच्या वेळी लोक भावनेच्या भरात नेमका तोच हात दोन्ही हातांनी आवळून धरतात. दुसरा हात धरा. घरी आल्यावर सुईच्या जागेतून रक्त आलं तर स्वच्छ गॉज त्या नेमक्या जागी बोटाने दाबून धरा आणि हात वर ठेवा. थांबेना तर लगेच हॉस्पिटल गाठा.

भेट वीस मिनिटांची पुरे, दोघांनी जावं, सर्दी-खोकला असलेल्याने घरीच थांबावं. प्रार्थना विचारून, बसूनच आणि लहान करावी. त्यात पेशंटच्या पापांची उजळणी नको. "विश्वास ठेवला असता तर" हे वाक्य ज्याच्या तोंडी येतं त्याला मी भेटीच्या यादीतून काढते, मग तो कुणीही असो. व्हॉट्सॲपवर प्रार्थनाविनंती टाकण्याआधी काय लिहायचं ते त्या घराला विचारा. रिपोर्टचा फोटो तर नकोच.

पैशांचं पाकीट चारचौघांत देऊ नका. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, पण रिक्षाचे पैसे, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज आणि काही इंजेक्शनं-गोळ्या खिशातूनच जातात. घर तिथे पोखरलं जातं. मेडिकलवाल्याकडे त्यांच्या खात्यावर परस्पर रक्कम भरली तर कुणाची मान खाली जात नाही. योजनेची कागदपत्रं, आधार आणि रेशनकार्ड घेऊन रांगेत उभं राहणारा एखादा तरुण मिळाला तर तो पाच प्रवचनांच्या बरोबरीचा आहे. हे वाक्य आमच्या पाळकसाहेबांना आवडणार नाही.

वहिनींकडेही बघा. पेशंटला विचारणारे शंभर असतात, तिला झोप मिळाली का हे कुणी विचारत नाही. महिन्यातून एक दुपार तिच्या जागी बसलात तरी खूप झालं.

बुजरेपणाबद्दल तुम्ही जे विचारलंत त्याला माझं उत्तर एवढंच की बुजरी माणसं या कामाला जास्त बरी. मिठ्या मारणं, डोळ्यांत पाणी आणणं हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा भाग आहे, तो प्रीतीचा पुरावा नाही. डबा दारात ठेवून, झाकणावर "मीठ कमी, पोटॅशियम काढलेलं" अशी चिठ्ठी लावून जाणाऱ्याला मिठीची गरज नाही. घरच्यांशी, नवरा-बायकोत, मुलांशी माया कशी दाखवावी हा वेगळा विषय आहे, त्यावर इथे मी बोलत नाही.

काही गोष्टी राहिल्या. वर लिहिलेलं पथ्य आठवड्यातून तीनदा हिमोडायलिसिस, म्हणजे यंत्रातून रक्त गाळून घेणाऱ्यांसाठी आहे. पोटाच्या डायलिसिसवाल्यांचं वेगळं असतं, काहींना उलट पोटॅशियम कमी पडतं. त्यांच्या डॉक्टरांचा आणि आहारतज्ज्ञांचा शब्द माझ्या शब्दाच्या वर. दुसरं, शेजारचं घर ख्रिस्ती नसेल तर डब्यासोबत धर्मप्रचाराची पत्रिका पाठवू नका. कुणी विचारलं की का करता, तर सरळ सांगा, ख्रिस्तामुळे. न विचारता सांगितलंत की डबा आमिष वाटतो, आणि त्यांना तसं वाटलं तर त्यांचं चुकत नाही. तिसरं, प्रार्थना कमी करा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. गाडी चालवतानाही करता येते.

आमचं वेळापत्रक शेवटी महिला मंडळाने केलं. डबे व्यवस्थित चालू आहेत. शुक्रवारची परतीची फेरी तेवढी अजून रिकामी आहे, आणि त्या वडिलांकडे चारचाकी आहे.