वाचकांचे प्रश्न : बोगद्यातली वाळू गेली कुठे?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या कैदी वैमानिकांनी जर्मन छावणीतून बोगदा खणून पलायन केले. पहारा असताना खणलेली माती त्यांनी लपवली कशी?

उत्तर : ही छावणी म्हणजे सागान (आजच्या पोलंडमधील झागान) येथील स्टालाग लुफ्ट ३. खरी अडचण रंगाची होती. वरचा थर करडा आणि खालची वाळू पिवळी, त्यामुळे मूठभर वाळूही पहारेकऱ्याच्या नजरेत भरे. म्हणून कैदी विजारीच्या आत लांबट पिशव्या लटकवत, फिरता फिरता दोरी ओढून वाळू सोडत आणि पायाने मातीत मिसळून टाकत. त्या अवघडलेल्या चालीवरून त्यांना ‘पेंग्विन’ हे नाव पडले. बर्फ पडल्यावर मात्र हा मार्ग खुंटला आणि वाळू छावणीतल्या नाट्यगृहाच्या आसनांखाली जाऊ लागली. बोगद्याला आधार पलंगाच्या फळ्यांचा होता, तर हवेची नळी दुधाच्या पावडरीचे रिकामे डबे जोडून केलेली. (कैद्यांची झोप त्या फळ्यांअभावी कशी झाली असेल, ते त्यांनाच ठाऊक!)

२४ मार्च १९४४ च्या रात्री सुरू झालेल्या या पलायनात ७६ जण निसटले. त्यांपैकी तिघेच सुखरूप सुटले. पकडलेल्या ७३ पैकी ५० जणांना, जिनिव्हा करारानुसार पलायनाला फार तर तीस दिवसांची कोठडी देता येत असतानाही, हिटलरच्या हुकमावरून गोळ्या घालण्यात आल्या.