‘असावे’ या शब्दापाशी थांबावे

अनेक आशीर्वाद.

अवकाशात काही बिघडले तर पथकप्रमुखाने मन खंबीर कसे ठेवावे, असे तू विचारले आहेस. अशा वेळी भीतीपेक्षा जास्त जाच होतो तो न कळण्याचा. काय घडले हे कोणालाच ठाऊक नसते आणि सगळे मात्र प्रमुखाच्या तोंडाकडे बघत असतात. तेव्हा काहीतरी उत्तर देऊन मोकळे होण्याचा मोह आवरणे, हे त्याचे पहिले काम.

एप्रिल १९७० मध्ये चंद्राकडे निघालेले अपोलो १३ हे यान पृथ्वीपासून तीन लाखांहून अधिक किलोमीटर दूर असताना प्राणवायूची टाकी फुटली. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात उमटणारे आकडे इतके अविश्वसनीय होते की, मापनातच गोंधळ असावा असे आधी वाटले. त्या वेळी कक्षाचे प्रमुख असलेले फ्लाइट डायरेक्टर जीन क्रान्झ यांनी, नुसते अंदाज बांधून परिस्थिती आणखी बिघडवू नका, अशी सहकाऱ्यांना ताकीद दिली. पाळी संपताच खुर्ची पुढच्या पाळीचे फ्लाइट डायरेक्टर ग्लिन लनी यांच्याकडे सोपवून त्यांनी आपले पथक परतीच्या आखणीला लावले. ऐन धामधुमीत खुर्ची सोडता येणे मला त्या ताकिदीइतकेच मोलाचे वाटते. (मला स्वतःला ते फार उशिरा जमले.)

अंदाजाची किंमत किती असते, हे १६ जुलै २०१३ च्या स्पेसवॉकमध्ये, म्हणजे यानाबाहेरच्या कामात, दिसले. अंतराळवीर लुका पार्मितानो अंतराळ स्थानकाबाहेर काम करत असताना त्यांच्या हेल्मेटमध्ये पाणी साचू लागले. आठवडाभरापूर्वीच्या स्पेसवॉकनंतरही त्याच हेल्मेटमध्ये पाणी सापडले होते. पण पिण्याच्या पाण्याच्या पिशव्या गळतातच, हा समज इतका रुळलेला होता की तेच कारण असावे असे धरून विषय मिटवला गेला. प्रत्यक्षात ते पाणी सूट थंड ठेवणाऱ्या यंत्रणेतून येत होते. वजनरहित अवस्थेत पाणी खाली ओघळत नाही. ते चिकटून पसरत कान, डोळे आणि नाकापर्यंत पोचले. त्यातच सूर्य मावळला. दिसेना, नीट ऐकू येईना, तेव्हा पार्मितानो यांना आपल्या सुरक्षा दोरीची आठवण झाली. तिचे रीळ तिला एअरलॉकच्या, म्हणजे स्थानकात शिरण्याच्या हवाबंद कक्षाच्या, दिशेने हलकेच खेचत असते. त्या ओढीच्या आधाराने, चाचपडत, ते परतले. आत हवेचा दाब पुरता भरेपर्यंत हेल्मेट काढणे शक्य नव्हते. सहकारी क्रिस कॅसिडी यांनी त्यांचा हात दाबला आणि उलट दाब मिळाल्यावर ते शुद्धीवर असल्याचे कळले.

पार्मितानो यांच्या धैर्याबद्दल बरेच बोलले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु तू प्रमुख होणार असल्यामुळे मी तुझे लक्ष आधीच्या त्या आठवड्याकडे वळवतो. पुढच्या सरावात सर्वांत कनिष्ठ सहकारी ‘मला अजून कळलेले नाही’ असे न कचरता म्हणतो का, ते पाहा. नोंदवहीत ‘असावे’ म्हणून मिटवलेली एखादी नोंद आढळली, तर ती पुन्हा उघड आणि काय निघाले ते मला कळव.