चाळिशीनंतर रोज मल्टीव्हिटॅमिन घ्यावं का? कोणता ब्रँड चांगला?

ब्रँड मी सांगणार नाही. नुसती चाळिशी आली म्हणून गोळी सुरू करायची नसते. रक्तात काय कमी आहे आणि आधीपासून कोणती औषधं चालू आहेत, हे पाहायचं असतं. यातली दुसरी गोष्ट कुणी बघत नाही, आणि आमच्या घरात नेमका तिथेच घोळ झाला.

सासूबाईंना थायरॉइड आहे. सकाळी उपाशीपोटी 50 मायक्रोग्रॅमची गोळी, रिपोर्ट कायम व्यवस्थित. धाकटे दीर न्यू जर्सीला असतात. एका दिवाळीला येताना ते कॅल्शियमचे आणि मल्टीव्हिटॅमिनचे मोठाले डबे घेऊन आले. लेकानं एवढ्या लांबून आणलेलं, त्यामुळे आई अगदी नेमानं घ्यायच्या. विसरायला नको म्हणून थायरॉइडच्या गोळीबरोबरच.

पुढच्या तपासणीत टीएसएच वाढलेला, म्हणजे थायरॉइडचं औषध कमी पडतंय असं दाखवणारा रक्तातला आकडा. डॉक्टरांनी गोळी 75ची केली, मग 100ची. तरी थकवा, बद्धकोष्ठता, चेहऱ्यावर सूज. "आणखी काय घेता?" असं कुणी विचारलं नाही. आईंच्या लेखी व्हिटॅमिन म्हणजे औषध नव्हेच, म्हणून त्यांनीही कधी सांगितलं नाही.

शेवटी मी डबे फिरवून मागचं लेबल वाचलं. एका गोळीत 600 मिलिग्रॅम कॅल्शियम, शिवाय मल्टीव्हिटॅमिनमधलं वेगळं. कॅल्शियम आणि लोह थायरॉइडच्या औषधाला आतड्यातच बांधून ठेवतात, ते रक्तात नीट उतरत नाही. म्हणून दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवायचं असतं. डबे घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर घ्यायला सांगितलं. मग काय झालं, तर 100ची गोळी पूर्ण लागू पडायला लागली आणि आईंच्या छातीत धडधड सुरू झाली. डोस उतरवत पुन्हा 50वर आणावा लागला. त्या वयाच्या बाईला हा सगळा त्रास फुकटचा झाला.

भाऊजींना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "वहिनी, व्हिटॅमिननं कुणाचं बिघडत नाही. आणि हा अमेरिकेचा माल आहे."

बिघडतं. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या 29,133 पुरुषांवर मोठा अभ्यास झाला, 1994 साली निकाल आले. बीटा-कॅरोटीन (शरीरात ज्याचं व्हिटॅमिन ए बनतं) घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती, तो जास्त निघाला. आणि अमेरिकेचा माल म्हणाल, तर तिथल्या 1994च्याच कायद्यानुसार असल्या गोळ्या बाजारात आणण्याआधी एफडीएची, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रक संस्थेची, मंजुरी लागत नाही. आपल्याकडेही त्या एफएसएसएआय या अन्नसुरक्षा संस्थेखाली, म्हणजे अन्न म्हणून विकल्या जातात. औषधी वापरासाठी नाही, असं लेबलवरच छापलेलं असतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आधी हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन बी-12 आणि डी तपासून घ्या. शाकाहारी असाल, किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल, तर बी-12 नक्कीच. ते कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहिलात तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. डीचं 60,000 युनिटचं सॅशे बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायला देतात, ते रोज घेणारी माणसं मी पाहिली आहेत. डी शरीरात साठतं, रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडावर येतं. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर थायरॉइड तपासायच्या आधी लॅबला सांगा, त्यानं आकडे चुकतात.

मी डॉक्टर नाही. माझं वाचून चालू असलेली गोळी स्वतःहून बंद करू नका. सगळी सप्लिमेंट्स निरुपयोगी आहेत असंही मला म्हणायचं नाही. मूल होऊ द्यायचा विचार असलेल्या बाईनं फॉलिक ॲसिड घ्यायलाच हवं, आणि आईंना कॅल्शियमची गरज होतीच, ते अजून चालू आहे.

पण परदेशात राहणाऱ्या मुलांनी बॅगेत डबे भरण्याआधी घरी एक फोन करावा. आई-बाबांच्या चालू औषधांची यादी मागवावी आणि तिथल्या नाही, इथल्या डॉक्टरला दाखवावी. भाऊजींना मी हे दोनदा लिहून पाठवलंय. या वेळी येताना त्यांनी विचारलं नाही, तर डबे मी उघडू देणार नाही.